पातेलं उतरवायचा ग्लोव्ह

सौदीत ज्या कार्डावाचून माणसाचं पान हलत नाही, त्या माझ्या इकाम्यावर व्यवसाय लिहिला होता : कॉलेजचा बेसबॉल प्रशिक्षक. मी एसी दुरुस्त करायचो. कतीफजवळच्या एका खासगी कॉलेजला मेकॅनिक हवा होता, पण मेकॅनिकचे व्हिसे संपले होते. कुण्या अमेरिकन प्रशिक्षकासाठी काढलेला एक व्हिसा तेवढा उरला होता, कारण तो गडी इथला उन्हाळा ऐकून आलाच नाही. "काय लिहिलंय ते बघू नको, विमानात बस," असं एजंट म्हणाला आणि मी बसलो. आमच्या कामगारांच्या कॅम्पात याचं कुणाला नवल नव्हतं. माझ्या खोलीतला वेल्डर कागदोपत्री मेंढपाळ होता.

तीन वर्षं बरी गेली. मग एकदा चिपळूणहून व्हिडिओ कॉलवर माझी चार वर्षांची मुलगी मला "काका" म्हणाली. बायकोने तिला लगेच दटावलं. दोघींना इथे आणायचंच, असं मी त्या दिवशी ठरवलं. मेकॅनिकला कुटुंब आणता येत नाही, प्रशिक्षकाला येतं. त्या न आलेल्या अमेरिकनाचे मला पहिल्यांदाच आभार मानावेसे वाटले.

कॉलेजचं एक पत्र लागणार होतं. नवे मुदीर, म्हणजे आमचे मॅनेजरसाहेब, कॉम्प्युटरवर माझी नोंद बघून एकदम खुलले.

"आपल्याकडे बेसबॉलचा कोच आहे? मग टीम कुठे आहे?"

मी नुकताच शिडीवरून उतरलो होतो. हातात एसीचा धुळकट फिल्टर होता. "तयारी चालू आहे," मी म्हणालो.

"यल्ला, चला! एक मॅच दाखवा आणि पत्र घेऊन जा."

या खेळात स्टंप नसतात, एवढंच मला ठाऊक होतं. पण बायको जळगावची, विद्यापीठाकडून सॉफ्टबॉल, म्हणजे बेसबॉलचाच धाकटा भाऊ, खेळलेली. लग्नानंतर ती आमच्या घरी आली तेव्हा तिच्या बॅगेत साड्यांखाली चेंडू झेलायचा एक चामड्याचा ग्लोव्ह होता. मी हसलो होतो. आईने तो हातात घालून पाहिला आणि दुसऱ्या दिवसापासून गॅसवरचं गरम पातेलं उतरवायला वापरू लागली. "हात अजिबात भाजत नाही हो," असं शेजारणींना कौतुकाने सांगायची. मी आईला अडवलं नाही, आणि त्याची आता लाज वाटते.

पण इतक्या वर्षांनी तिलाच विचारायचं कोणत्या तोंडाने? म्हणून आठवडाभर मी माझ्याच अकलेने शिकवलं. टीमसाठी गोळा केलेली कॉलेजची पोरं फुटबॉलवाली, पण गुणी; सांगेन ते करायची. शेवटी धीर करून मी तिला सरावाचा व्हिडिओ पाठवला. लगेच फोन आला.

"अहो, ही पोरं बॅट घेऊन का पळताहेत?"

"मग काय करायचं?"

"टाकायची! मारलं की बॅट टाकायची आणि पळायचं. आणि शेवटी ती जमिनीला काय टेकवताहेत?"

"रन आउट होऊ नये म्हणून."

पलीकडे ती हसत होती की डोकं धरून बसली होती, देव जाणे. मग म्हणाली, "उद्यापासून कानात फोन ठेवा आणि मी सांगते तेवढंच करा."

तेव्हापासून माझी कारकीर्द सुरू झाली. मैदानाच्या कडेला शिडीवर माझा मोबाइल बांधलेला असायचा. त्यातून ती बघायची, माझ्या कानात मराठीत पाच मिनिटं समजावून सांगायची, आणि मी पोरांना त्याचं भाषांतर "यल्ला, पळा" असं करायचो. मॅचमध्ये ओरडायचं नसतं म्हणून तिने खुणा ठरवून दिल्या. मी नाकाला हात लावला की थांबायचं, कानाला लावला की पळायचं.

मॅच एका रिफायनरीतल्या जपानी इंजिनियरांशी होती. त्यांना खेळ येत होता, हीच आमची मोठी अडचण होती. चौदा-शून्य असताना आमचा एक पोरगा कसाबसा तिसऱ्या बेसवर पोचला, आणि नेमकी चिपळूणची वीज गेली. घरच्या वायफायसकट कानातली बायको बंद पडली. पुढे काय करायचं? मी घाबरून कानातलं यंत्र दाबून पाहिलं. पोराला माझा कानाला लागलेला हात दिसला आणि तो सुसाट सुटला. हा वेडा असा पळेल असं जपान्यांच्या स्वप्नातही नव्हतं. चेंडू येईपर्यंत तो शेवटच्या, म्हणजे घरच्या बेसवर पोचून माझ्याकडे बघत उभा होता. आमचा पहिला रन झाला.

"गोल!" मुदीर खुर्चीवरून उडाले. त्यांच्या लेखी खेळ म्हणजे फुटबॉल, आणि एक गोल म्हणजे काही थोडाथोडका नव्हे. चौदा हा आकडा कशाचा, हे त्यांनी विचारलं नाही. मीही खुलासा केला नाही. पत्रावर त्यांनी तिथेच गाडीच्या बॉनेटवर सही केली.

दोघी आल्या. मुलगी विमानतळावर आईच्या मागे लपली, आणि नव्या भाड्याच्या घरी पोचेपर्यंत मला "बाबा" म्हणू लागली. महिन्याभराने बायकोचा इकामा आला. त्यावर शिक्का होता : काम करण्यास परवानगी नाही. तिने माझं कार्ड मागून घेतलं आणि दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. एकावर बेसबॉल प्रशिक्षक होता. दुसऱ्यावर ज्या बाईने सगळं प्रशिक्षण केलं तिला मनाई होती. मला मान वर करवेना.

तिने मात्र दोन्ही कार्डं पुन्हा एकदा नीट वाचली.

"बरं झालं," ती म्हणाली. "कायदा मोडायला नको. आजपासून स्वयंपाक तुमचा."

मला वाटलं, गंमत करते आहे. आता संध्याकाळी ती मुलीला घेऊन मैदानाच्या जाळीबाहेरच्या बाकावर बसते, आणि पोरं माझ्या डोक्यावरून तिच्या कानाकडे बघत खेळतात. घरी आलो की मी डाळ-भात लावतो. गरम कुकर उतरवायला फडकं शोधत फिरतो, कारण आईच्या स्वयंपाकघरातून तिने बरोबर आणलेला ग्लोव्ह तिच्या मांडीवर असतो आणि ती त्याला तेल चोळत बसलेली असते.