सेक्रेटरीणबाईंचा नकार

माझी बायको कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. तारा जोडून द्यायच्या, भिंगं पुसायची, मुलांनी काय काय फोडलं ते बघायचं, हे तिचं पगाराचं काम. बिनपगारी काम म्हणजे कर्मचारी संघटनेचं सेक्रेटरीपद. शिपाई, मदतनीस, माळी, पहारेकरी, सफाईच्या बायका, सगळ्यांची मिळून एकच संघटना. मी तिला घरात सेक्रेटरीणबाई म्हणतो. पूर्वी लाडाने म्हणायचो, आता वैतागून म्हणतो, तिला दोन्ही सारखंच ऐकू येतं.

हे घोंगडं तिच्या गळ्यात पडलं कसं ते सांगतो. आधीचा सेक्रेटरी निवृत्त झाला, बैठक भरली, अध्यक्षांनी विचारलं, "कोण घेतंय?" सगळे आपापल्या चपला निरखायला लागले. ही उशिरा पोचली होती, दारातच उभी. म्हणाली, "एवढं काय त्यात?" झालं! त्या 'एवढं काय त्यात'ची किंमत आम्ही आजतागायत मोजतोय. दर वर्षी म्हणते, या खेपेला सोडतेच बघ. आणि दर वर्षी परत येते ती तोंड पाडून, कारण दुसरं कुणी पुढे येत नाही.

लोकांना वाटतं, संघटना म्हणजे झेंडे आणि घोषणा. अहो, कुठले झेंडे घेऊन बसलात! माळ्याचं आणि पहारेकऱ्याचं नळावरून वाजलं, ते हिच्याकडे. शिपायाची रजा नामंजूर झाली, तो हिच्याकडे. कुणाच्या मुलाचं ठरलेलं लग्न मोडलं, तेसुद्धा हिच्याकडे, जणू करारात तसं कलमच आहे. आम्ही जेवायला बसलो रे बसलो की फोन. ताटातला भात गार होतोय आणि ही खिडकीशी उभी राहून "हं, हं, बरोबर आहे तुमचं" करतेय. मी म्हणतो, "लष्कराच्या भाकऱ्या भाजून झाल्या असतील तर घरच्यांनाही वाढा." ती फोनवर हात ठेवून म्हणते, "घ्या की हाताने, पातेलं काय पळून चाललंय?" तिचे गुडघे गेले, केस पिकले. आणि कौतुक म्हणाल, तर गेल्या खेपेला पगारवाढ मिळवून दिली तेव्हा लोक म्हणाले, "एवढीच?"

माझी बहीणही त्याच कॉलेजात. पन्नाशीला आली तरी सगळे तिला धाकटीच म्हणतात. ती सफाईत आहे. आमच्या मागच्या गल्लीत एकटी राहते. नवरा केव्हाच सोडून गेला, मूलबाळ नाही. तिला दमा आहे आणि फरशीच्या त्या उग्र औषधांनी तो वाढतच गेलाय. दम्याचा तो महागडा फवारा कॉलेजच्या विम्यातून मिळायचा. विमा होता म्हणून श्वास होता, इतकं सरळ. नोकरी तिने रीतसर अर्ज करून मिळवली, वहिनीच्या वशिल्याने नव्हे. पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? म्हणून कॉलेजात नणंद-भावजया कामापुरतंच बोलायच्या. घरी आल्या की मात्र माझ्याविरुद्ध दोघींची युती.

यंदा कराराची मुदत संपली आणि कॉलेजने नवा डाव टाकला. कायम नोकरांना भरघोस वाढ, पण सफाईचं काम बाहेरच्या ठेकेदाराला. बायका त्याच, झाडू तेच, मालक फक्त दुसरा. विमा नाही, आजारपणाची भरपगारी रजा नाही. आवळा देऊन कोहळा काढायचा प्रकार, आणि संघटनेतले निम्मे लोक आवळ्यावरच डोळा ठेवून. एक शिपाई हिला तोंडावर म्हणाला, "त्या झाडूवाल्यांपायी आम्ही किती दिवस अडून राहायचं?" त्या दिवशी ही घरी आली आणि चपलांसकट पलंगावर आडवी झाली. मी तिच्या चपला काढल्या.

"कॉलेजशी भांडायचं मला काही वाटत नाही," ती डोळे मिटून म्हणाली. "आपल्याच माणसांशी भांडायचं म्हणजे जीव मेटाकुटीला येतो हो."

बोलणी लांबत गेली. रोज प्रयोगशाळेला कुलूप लावून ही रजिस्ट्रारच्या खोलीत जायची. तिथे चहा मिळायचा आणि 'विचार करू' मिळायचं. धाकटी संध्याकाळी आमच्याकडे यायची, भाजी निवडत बसायची, पण 'आज काय झालं' असं तिने एकदाही विचारलं नाही. फक्त धाप लागली की पूर्वी दोनदा मारायची तो फवारा आता एकदाच मारायची आणि छातीवर हात दाबून बसून राहायची. पुरवून पुरवून वापरायला लागली होती. मला ते दिसत होतं, हिलाही दिसत होतं. आम्ही दोघं भिंतीकडे बघायचो.

शेवटी तडजोड झाली. ठेकेदार आला तो आलाच. ठेकेदाराने एकाही बाईला कामावरून काढायचं नाही, एवढं एक कलम हिने भांडून पदरात पाडून घेतलं. सभेत हात वर झाले, माळ्याने पेढे वाटावेत तसा आनंद केला, आणि विमा गेला. धाकटीने कॉलेजचा निळा एप्रन जमा केला आणि ठेकेदाराचा पिवळा घातला. त्या रंगात ती आणखीच फिकट दिसायची.

मग एका दुपारी कॉलेजचा हेडक्लार्क माझ्या दुकानात आला. माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, पंखे, पंप, मिक्सर, जळालेलं काहीही आणा. त्याचा पंखा जळला होता. मी तार गुंडाळतोय आणि हा स्टुलावर बसून मान हलवतोय.

"तुमच्या बहिणीचं फार वाईट वाटलं हो," म्हणाला. "रजिस्ट्रारसाहेब तर तिला ठेवायला तयार होते. प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून घेतो म्हणाले, कायम, विम्यासकट. फक्त बाकीच्या सफाईवाल्यांसाठी सेक्रेटरीबाईंनी ताणायचं सोडावं, एवढंच. मी तिथेच बसलो होतो. बाईंनी चक्क नाही म्हटलं. मानलं पाहिजे बुवा!"

मानलं पाहिजे म्हणे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याचा पंखा तसाच उघडा टाकला, त्याला बाहेर काढलं, शटर ओढलं आणि तडक घर गाठलं.

ही बटाटे सोलत होती.

"धाकटीला ठेवत होते आणि तू नको म्हणालीस?"

ती दचकलीसुद्धा नाही. "हो."

"हो? नुसतं हो?"

"मग काय म्हणू? नणंदेला आत घेऊन बाकीच्यांना वाऱ्यावर सोडते म्हणू? दुसऱ्या दिवशी कुठलं तोंड घेऊन त्या बायकांसमोर उभी राहिले असते मी?"

"तोंडाचं काय घेऊन बसलीस! तिच्या श्वासाचं बोल!" मी ओरडलो. "तुझी सख्खी बहीण असती तर?"

तिने सुरी खाली ठेवली. "सख्खी असती तर पटकन नाही म्हटलं असतं. हिच्यासाठी मला वेळ लागला. त्या खोलीत नुसती बसून राहिले. सगळं डोळ्यासमोर येत होतं, तिचं ते छातीवर हात दाबून बसणं. मग म्हटलं नाही. सोपं वाटतं का तुम्हाला?"

"तिला सांगितलंस?"

"कशाला सांगू? सांगितलं असतं तर निवड तिला करायला लागली असती, स्वतः की सोबतच्या. तिच्या जिवाला आणखी तो घोर कशाला? मी आहेच की शिव्या खायला."

राग जात नव्हता आणि तिचं म्हणणंही खोटं वाटत नव्हतं. इकडे आड, तिकडे विहीर. मी उरलेले बटाटे ओढले आणि सोलायला बसलो.

हेडक्लार्कच्या पोटात काही राहायचं नाही, हे मला कळायला हवं होतं. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी धाकटी आली. जिना चढून आली तशी दाराला टेकून उभी राहिली, श्वास जागेवर येईपर्यंत. पिवळा एप्रन अजून अंगावरच होता.

"वहिनी, तो क्लार्क सांगत सुटलाय ते खरं?"

"खरं आहे." हिने खुर्ची पुढे केली. धाकटी बसली नाही.

"रागावलीस?" हिने विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"नाही गं. बरोबरच केलंस तू. त्या सगळ्या माझ्या सोबतच्या आहेत, मला नको का कळायला? एकटी मी आत गेले असते तर त्यांनी माझं नाव टाकलं असतं, आणि टाकायलाच हवं होतं." ती पुन्हा थांबली, दम घेतला. "बरोबर केलंस, म्हणून तर तुझ्याशी भांडताही येत नाही."

हिचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत मी हिला रजिस्ट्रारशी भांडताना ऐकलंय, पहारेकऱ्याला झापताना ऐकलंय, पण अशी हरलेली पाहिली नव्हती.

"मला वाटलं, तुला कशाला त्या पेचात टाकायचं," ही म्हणाली. "तू नाहीच म्हणाली असतीस. मी ओळखते तुला."

"मी नाही ओळखत," धाकटी म्हणाली. "नाही म्हटलंही असतं. किंवा हो म्हणून जन्मभर तोंड लपवत फिरले असते. मला काय माहीत? मला आजवर कुणी काही देऊ केलंय का, वहिनी? लग्न तुम्ही लोकांनी ठरवलं. तो गेला तो न सांगता गेला. काम मिळालं ते घेतलं, एप्रन दिला तो घातला. एकदाच कुणीतरी मला काही देऊ केलं, आणि तेही तुझ्या हाती. मग निदान नको म्हणायला तरी मला बोलवायचंस."

मी तोंड उघडलं आणि बायकोने हातानेच मला गप्प केलं.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"हो, वहिनी. चुकलं," धाकटी म्हणाली, आणि तेव्हा कुठे खुर्चीवर बसली.