पहिलं चिपटं

पीक मोजायला गावोगाव हिंडलं की किस्से आपोआप साठतात, कणगीत जोंधळा साठावा तसे. माझ्या कणगीच्या तळाला मात्र कीड आहे, आणि ती मीच सोडलेली!

युद्धाचे दिवस होते. आमचे साहेब म्हणजे संख्याशास्त्रातलं मोठं नाव. "शितावरून भात ओळखायचा, पण शीत डोळे मिटून उचलायचं," ही त्यांची रीत. चिठ्ठीत जी जागा निघेल तिथलंच पीक कापायचं.

सांगलीकडचा एक शेतकरी त्यांचा हात धरून ओढायला लागला, "आवं सायेब, हितं नुसता खडक हाय! तिकडं चला, कणसं बगा कशी लय भारी!"

साहेब म्हणाले, "मामा, मी मुलगी पसंत करायला आलेलो नाही!"

*

मी बेरजा करायचे. गणित भावाच्या पुस्तकांतून चोरून शिकलेलं. साहेबांनी विचारलं, "चौथीत शाळा का सोडलीत?"

"मी कुठं सोडली? शाळाच मागं राहिली!"

*

कारकून गोडबोले बी.ए. झालेला. त्याचं लग्न या नोकरीवर ठरलेलं. माझी बेरीज बघून म्हणाला, "आता आकडेही बायकांच्या ओटीत घालायचे का?"

सगळे हसले. मी नाही हसले.

*

औंधच्या बाजूला खळ्यावर एक म्हातारा आम्ही कापलेला जोंधळा चिपट्याच्या मापानं पोत्यात भरत होता. "लाभ... दोन... तीन..."

आमच्याकडं पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. शहरात वाढलेल्या गोडबोल्याला वाटलं, देवाचं नाव घेतलं! त्यानं भक्तिभावानं हात जोडले आणि पहिली रेघ ओढली ती "दोन"ला.

मला दिसलं. मनात म्हटलं, "बुड आता, बी.ए.!" पुढं गावोगाव तेच झालं. मी गप्प.

*

साताऱ्याला कचेरीत शिपायानं ती पोती पुन्हा मापली, तोंडानं न मोजता. दर पोत्यात कागदापेक्षा एक चिपटं जास्त!

"उलटा चोर दिसतोय," साहेब म्हणाले.

गोडबोले रडकुंडीला आला. माझ्याकडं वळला, "आक्का, तुम्ही तरी सांगा हो, माझं काय चुकलं?"

मी वहीत डोकं खुपसलं. त्याची नोकरी गेली, लग्न मोडलं. त्याची खुर्ची मला मिळाली. आणि मी बसले! स्वाभिमानी म्हणवते स्वतःला.

*

आठवड्याभरानं साहेबांनी चिपटं माझ्या हातात दिलं. "बाई, हे पोतं तुम्ही मापा."

माप भरलं आणि सवयीनं तोंडातून निघालं, "लाभ!"

साहेबांची पेन्सिल थांबली. "म्हणजे किती?"

"एक."

त्यांनी गोडबोल्याचा जुना कागद काढला आणि त्याच्या पहिल्या रेघेआधी एक रेघ ओढली. मग हळूच म्हणाले, "तेव्हा खळ्यावर तुम्ही कुठं होता?"

"समोरच, साहेब. पोत्याचं तोंड धरून."