भूपालअण्णांचा तळहात

हळद साठवायच्या पेवात उतरून नुसत्या तळहातानं ओल ओळखावी ती भूपालअण्णांनीच, असं सगळी सांगली म्हणायची. सेहेचाळीसच्या वैशाखात याच अण्णांनी राहायला एक जुनं घर पसंत केलं. भिंतींना ताजा चुना होता.

"आवं, भिंतीला हात तरी लावून बघा," त्यांची बायको चंदनबाला म्हणाली.

"मालकाला काय वाटंल? भला माणूस हाय!"

पेववाल्यांची अशी भीड त्यांनी जन्मात धरली नव्हती.

श्रावणात कमरेपर्यंतचा चुना फुगून गळून पडला, अंथरुणं दमट झाली.

"ओल न्हाई, गारवा हाय," अण्णा ठासून सांगत.

"मग यंदाची हळद पोत्यात भरून हितंच भिंतीला टेकवून ठेवू?" चंदनबालानं विचारलं.

"खुळी का काय? नासंल की!" अण्णा ओरडले, आणि मुकाट्यानं गवंड्याकडे निघाले.