लोडशेडिंगच्या आतला किल्ला

साखर कारखान्याच्या गेटवर दिवसभर पहारा देऊन हंबीरराव इस्लामपुरातल्या घरी आले, तेव्हा पायांत जीव उरला नव्हता. फौज सुटली तरी उभं राहणं काही सुटलं नव्हतं. पुण्याहून आलेल्या लेकीनं, अंकितानं, त्यांचा जुना व्हिडिओ गेम लॅपटॉपमध्ये जसाच्या तसा घातला होता.

"पप्पा, यात कुठंही सेव्ह करता येतं. मेलात तरी तिथनंच पुढं."

"मग मरायचं भ्या काय ऱ्हायलं गं?" हंबीरराव वैतागले.

टीव्हीला जोडायच्या जुन्या डब्यात असले लाड नव्हते. फौजेतून सुट्टीवर आले की कॅसेटीत फुंकर मारून ते आणि त्यांची बायको अंजना खेळायला बसत. शेवटच्या किल्ल्याशी पोचेपर्यंत लोडशेडिंगची वेळ व्हायची, टीव्ही काळा पडायचा आणि सगळा डाव पहिल्यापासून. सुट्टी संपून त्यांनी ट्रंक उचलली की अंजना दारातनं म्हणायची, "किल्ला ऱ्हायलाय. पुढच्या सुट्टीला घिऊ."

आज चहा निवायच्या आत ते किल्ल्याच्या दारात पोचले होते. हाताला घाम नव्हता की छातीत धडधड नव्हती.

"जिंका की आता!" अंकिता म्हणाली.

पिठानं भरलेल्या हातांनी अंजना बाहेर आली आणि लॅपटॉपकडं बघून जागीच थांबली.

"आवं, नगा घिऊ," ती म्हणाली. "त्यो किल्ला ऱ्हायला हुता, म्हणून तर दर खेपेला माघारी आलासा."