येळवसेची जाहिरात

अहमदपुरात कुणालाही विचारा, गावच्या केबलवर लागलेली एखादी जाहिरात आठवते का. दहातले आठ जण गुरुपादप्पांच्या भांड्यांच्या दुकानाची सांगतील. तिला बारा-तेरा वर्षं झाली, ती लागली होती जेमतेम आठ दिवस, आणि तिच्यात गाणं नव्हतं की नाच नव्हता. ती ज्यानं केली तो आनंदराज आता पन्नाशीला टेकलाय. केबलचे दिवस सरले, हल्ली तो दुकानदारांना मोबाइलवरच्या रील करून देतो. परवा मोबाइलच्या दुकानाचा तरुण मालक संगमेश त्याला म्हणाला, "मामा, तुमच्या त्या भांड्यावाल्या जाहिरातीसारखी एक करून द्या की. लोकांच्या डोक्यातून निघूच नये अशी." आनंदराज नुसता हसला. सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण ते तीस सेकंदांत मावणारं नव्हतं, आणि संगमेशकडं त्याहून जास्त वेळ नव्हता.

आनंदराज मूळचा लोह्याकडचा. बाप लवकर गेला. आई सुमनबाई लोकांच्या रानात रोजानं जायची. निंदणी, कापूस वेचणी, तुरीच्या शेंगा तोडणी, जे निघेल ते. घरात टीव्ही नव्हता, म्हणून हा शेजारच्या मास्तरांच्या खिडकीत उभा राहून बघायचा. सगळ्या पोरांचं जे असतं त्याच्या उलटं याचं होतं. सिनेमा लागला की याला जांभया यायच्या आणि जाहिराती लागल्या की डोळे टक्क उघडायचे. साबणाचं गाणं अख्ख्या गल्लीला तोंडपाठ, मग प्रत्येकाच्या न्हाणीत साबण मात्र दुसराच कसा, हे कोडं त्याला सुटत नव्हतं. एकदा त्यानं आईला विचारलं. ती म्हणाली, "गाणं फुकट हाय बाबा, साबण न्हाई." जाहिरातीच्या धंद्यातली पहिली शिकवणी त्याला अशी चुलीपुढं मिळाली.

मोठा झाल्यावर तो अहमदपुरात आला, लग्नाच्या शूटिंगला लागला आणि तिथून केबलवाल्याकडं गेला. एक खोली भाड्यानं घेतली, आईला आणलं. कॅमेरा त्याचा, आवाज त्याचा, लिहिणंही त्याचंच. जाहिरात टिकते कशानं, हा किडा डोक्यात होताच. आधी त्याला वाटलं, गाण्यानं टिकते. म्हणून कूलरच्या एका दुकानासाठी त्यानं ओळ जुळवली, "सासूबाईंना कूलर लावा, चार दिवस सुखात ऱ्हावा." पोरं ती शाळेत जाता-येता म्हणू लागली, जावई चावडीवर म्हणू लागले. फक्त अर्ध्या गावाला ती समोरच्या दुकानाची जाहिरात वाटायची, आणि लोक कूलर तिथूनच न्यायचे. मालकानं आनंदराजला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग त्याला वाटलं, सारखी दाखवल्यानं टिकत असेल. एका शिकवणीवाल्याची जाहिरात त्यानं दिवसातून चाळीस वेळा लावली. ती लोकांच्या ध्यानात राहिली खरी, पण खरूज राहते तशी.

अशात गुरुपादप्पांनी त्याला बोलावलं. येळवस जवळ आली होती. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला आपल्याकडं घराला कुलूप लावून सगळे रानात जातात, कडब्याच्या कोपीत पूजा मांडतात, बेसन-ताकात दाणे-भाज्या शिजवून केलेली भज्जी, ज्वारीची आंबील, बाजरीचे उंडे पोटभर खातात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला खाऊ घालतात. त्या सणाला नवी भांडी खपावीत, एवढाच अप्पांचा सरळ हिशोब. बाहेरची नटी परवडणारी नव्हती, म्हणून अप्पांनी बायकोलाच कॅमेऱ्यापुढं उभं केलं. साखराबाई म्हणजे ठसठशीत कुंकवाची, मोठ्या आवाजाची बाई. शूटिंगसाठी त्यांनी खरीच भज्जी शिजवली होती, कारण खोटी भज्जी म्हणजे काय हे त्यांना समजेना.

वाक्य सोपं होतं, "येळवसेला नवं भांडं, गुरुपादप्पांच्याच दुकानातलं." साखराबाईंनी ते बरोबर म्हटलं. आणि मग भरलेलं पातेलं तसंच हातात धरून कॅमेऱ्यात बघत पुढं म्हणाल्या, "या की जेवायला. समदे आमच्या रानात या. शिरूर रस्त्याला, चिंचेच्या झाडाखाली. लाजू नका."

आनंदराजनं कॅमेरा थांबवला. "काकू, तेवढं शेवटचं नको."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा तेच म्हणाल्या. असं पाच वेळा झालं. शेवटी वैतागून त्याच म्हणाल्या, "आरं, हातात भज्जी हाय, समोर माणसं बघून राहिली म्हणतोस. आन् या म्हणू न्हाई, नुसतं भांडं दाखवू व्हय? शोभतं का?"

हे ऐकून आनंदराजला आत कुठंतरी गलबललं. पण माणूस धंद्यात मुरला की आतलं गलबलणंही त्याला धंद्याचंच वाटतं. बाईच्या आवाजात गुण आहे असं म्हणत त्यानं ते वाक्य तसंच ठेवलं. अप्पांनी जाहिरात बघितली आणि पोट धरून हसले. "राहू दे. येतंय कोण? येळवसेला जो तो आपापल्या रानात." हे इतकं खरं वाटणारं बोलणं होतं की त्यातली चूक दोघांच्याही लक्षात आली नाही. आनंदराजच्या तर यायला हवी होती, कारण त्याला स्वतःला वीतभर रान नव्हतं.

जाहिरात लागली. दुसऱ्याच संध्याकाळी खोलीतल्या टीव्हीवर ती बघून सुमनबाई भाकरी थापता थापता थांबल्या. "आनंदा, ती बाई खरंच बोलवून राहिली का?"

"आई, जाहिरात हाय ती."

"म्हंजे खोटं?"

"खोटं न्हाई. पण जाहिरात."

सुमनबाईंनी पडद्याकडं बघितलं. "बाई तर खरं बोलल्यासारखी दिसती," एवढंच म्हणाल्या आणि तव्यावरची भाकरी उलटली.

येळवसेच्या दिवशी गाव ओस पडलं. हॉटेलं बंद, बाजार बंद, बसस्थानकावर कुत्री लोळत होती. पुढच्या वर्षीसाठी चार चित्रं टिपायला आनंदराज कॅमेरा घेऊन अप्पांच्या रानात गेला. अकराच्या सुमाराला बांधावर एसटीचे दोन कंडक्टर येऊन उभे राहिले. परजिल्ह्यातले, सुट्टी न मिळालेले. "टीव्हीवर बघितलं," ते ओशाळून म्हणाले. साखराबाईंनी त्यांना हाताला धरून बसवलं. मग नर्सिंगच्या वसतिगृहातल्या पोरी आल्या. बिहारकडचा एक बँकवाला आला. वीटभट्टीवरची दोन बिऱ्हाडं आली, भाड्याच्या खोल्यांतली आली, मजुरांच्या वस्तीतली आली. ज्यांना रान आहे ते आपापल्या रानात होते. ज्यांना नव्हतं, ते सगळे वर्षानुवर्षं त्या दिवशी घरात दार लावून बसत आले होते, आणि गावानं त्यांना कधी मोजलंच नव्हतं.

दुपारी एकपर्यंत पातेल्यातली भज्जी तळाला गेली. रस्त्यावरून माणसं येतच होती. अप्पांचा चेहरा काळवंडला. त्यांनी आनंदराजला चिंचेमागं ओढलं. "तुझ्या डबड्यानं बोलावलंय यांना. आता तूच जाऊन सांग. जाहिरात होती म्हणावं, समजून घ्या म्हणावं. माझी इज्जत जाऊन राहिली इथं!"

आनंदराज निघाला. वाक्य जुळवतच निघाला, त्याचा तर तो धंदाच. 'मंडळी, गैरसमज झाला' असं काहीतरी. बांधापाशी पोचला आणि थांबला. सगळ्यांच्या पुढं सुमनबाई उभ्या होत्या. चौदा एप्रिलला नेसायची पांढरी साडी, डोक्यावर नीट पदर. चार किलोमीटर चालत आल्या होत्या. बांधाच्या आत पाऊल टाकलेलं नव्हतं. जन्मभर मालकानं हाक मारेपर्यंत जशा थांबायच्या, तशाच बांधावर थांबल्या होत्या.

"येऊ का रं आत?" त्यांनी विचारलं.

त्याला त्या क्षणी स्वतःची लाज वाटली. आवाजाचा गुण, म्हणे! त्या बाईचं बोलावणं गावभर त्यानंच पोचवलं होतं, आणि आता त्यानंच आईला सांगायचं होतं की ते खरं नव्हतं. जुळवलेलं वाक्य त्यानं सोडून दिलं. तो तसाच मागं फिरला आणि चुलीपाशी गेला.

"काकू, भज्जी संपली म्हणून सांगायला गेलतो," तो म्हणाला. "बांधावर माझी आई हाय."

साखराबाईंनी त्याच्याकडं बघितलं, रिकाम्या पातेल्यात बघितलं आणि मग सगळ्या रानावरून नजर फिरवली. तूर शेंगांनी लवली होती, हरभरा घाट्यांवर आला होता, बांधाला वालाचे वेल होते. "संपली कशानं? समदी भज्जी उभी हाय की रानात," त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडं वळल्या. "दुकानातलं सगळ्यात मोठं पातेलं घेऊन या. येताना शेजारच्या रानातून बेसन आन् ताक मागून आणा."

"आगं, ते पातेलं विकायचं हाय!"

"मंग खपलं समजा. आन् आनंदा, आईला बांधावर काय उभं केलंस? आत आण."

अप्पा स्कूटरवर बसले ते पुटपुटतच. इकडं साखराबाईंनी आल्यागेल्या सगळ्यांना कामाला जुंपलं. कंडक्टर तुरीत शिरले, नर्सच्या पोरी दाणे सोलायला बसल्या, बिहारचा बँकवाला घाटे तोडताना हात आंबट करून घेत हसू लागला. तासाभरात अप्पा आले. पातेल्यावर किमतीची चिठ्ठी तशीच होती, ती जाळात करपून गेली. ते पातेलं पुढं कधीच दुकानात परत गेलं नाही. दर येळवसेला ते त्याच रानात चढतं, आणि जाहिरात पुन्हा न लावताही माणसं येतात. नुसतं चांगलं बोललेलं चार दिवसांत हवेत जातं. बोललेलं कुणीतरी जिवावर घेऊन पाळलं, की गाव ते विसरत नाही, असं आनंदराजला त्या दिवशी कळलं. पण हे सगळं त्याच्या मनात नंतर आलं. तेव्हा त्याचं लक्ष आईकडं होतं.

सुमनबाई आत आल्या होत्या आणि कुणी काही सांगायच्या आधीच पदर खोचून तुरीत वाकल्या होत्या. त्यांचे हात आपसूक चालले होते. बाकीचे एक मूठ तोडतात तोवर यांची ओटी भरत आली होती. साखराबाई चुलीपासून उठल्या आणि थेट तुरीत गेल्या.

"आवो, तुमी कशाला तोडून राहिल्या? पाव्हण्या हाव तुमी. चला, सावलीला बसा."

"बसून काय करू मालकीणबाई?"

"काही करू नका. पाव्हणे काय करतेत? बसतेत." त्यांनी सुमनबाईंच्या ओटीतल्या शेंगा काढून घेतल्या आणि नवऱ्याला हाक मारली. "आवो, इकडं या. हे तुरीचं तास राहिलंय, ही ओळ तुमी तोडा."

गुरुपादप्पांनी एकवार बायकोकडं बघितलं, पांढऱ्या साडीतल्या त्या बाईकडं बघितलं. मग धोतराचा सोगा वर खोवला आणि तुरीत वाकले.

आनंदराजच्या गळ्यात कॅमेरा होता. त्यानं तो उघडला नाही. चिंचेखाली घोंगडी अंथरलेली होती, तिच्या एका कडेला सुमनबाई बसल्या. साठ वर्षांच्या आयुष्यात दुसऱ्याच्या रानात त्या पहिल्यांदाच नुसत्या बसल्या होत्या. समोर मालक शेंगा तोडत होता, आणि रिकाम्या हातांचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. त्यांनी ते आधी गुडघ्यांवर ठेवले, मग पदराखाली घेतले, आणि शेवटी मांडीवर तसेच उघडे राहू दिले.