रिसेसमधल्या दोरीवरच्या उड्या

माझी मुलगी चौथीत गेली आणि शाळेने तिला रिसेसमध्ये दोरीवरच्या उड्या मारायला पाठवलं. एकटीला नव्हे. वर्गावर्गातली गुटगुटीत मुलं वेचून त्यांचा एक गट केला होता. बाकीची मुलं कँटीनमध्ये नूडल्स खात असायची आणि हा गट त्यांच्या डोळ्यांसमोर पटांगणात उड्या मारायचा. डबा खायला शेवटची जेमतेम काही मिनिटं. गुटगुटीत हा शब्द मी इतकी वर्षं कौतुकाने वापरत होते. पोरीचं बाळसं ही माझीच कर्तबगारी आहे असं मला वाटायचं. शाळेने त्याला ओव्हरवेट म्हटलं.

तिला उड्यांचं काही नव्हतं. तिचं दुःख वेगळंच होतं.

"माय सीट ऑल्सो गॉन, आई," ती म्हणाली. कँटीनमध्ये तिच्या मैत्रिणीशेजारची तिची जागा आता दुसऱ्या एका मुलीने घेतली होती. पीटीच्या सरांनी सुटकेचा मार्ग सांगितला होता: टर्म संपताना मैदानाला फेऱ्या मारायच्या, ठरलेल्या वेळात. जमलं तर गटातून बाहेर, नाही तर पुढच्या टर्मला पुन्हा दोरी.

आम्ही तेव्हा पुण्यापासून दूर, परदेशात वुडलँड्सला राहायचो. ऑफिस आंग मो किओला. संध्याकाळी एमआरटीच्या ट्रेनमधून उतरले की फ्लॅटपर्यंतचं अंतर हाच माझा व्यायाम, आणि तोही मला जास्त वाटायचा. हिला पळवणार कोण? मग मी आपली माणसं जे करतात तेच केलं. फोन केले आणि मंडळ जमवलं.

जवळपासच्या तीन-चार मराठी घरांतली मुलं रविवारी सकाळी आमच्या ब्लॉकमागच्या, म्हणजे इमारतीमागच्या गवतावर आणायची. लंगडी, खो-खो, लगोरी. सगळ्यांना कल्पना फार आवडली. "इथली मुलं कॉम्प्युटरसमोरून हलतच नाहीत हो," असं प्रत्येक घराने आपापल्या सोफ्यावरून मला सांगितलं.

पण सकाळी सकाळी लोकांना आपल्या घराखाली बोलवायचं आणि कोरडंच परत पाठवायचं, हे काही माझ्याच्याने होईना. मी पोहे केले. थोडेसेच, मोठ्या पातेल्यात. पुढच्या रविवारी समोरच्या ब्लॉकमधल्या वहिनी साबुदाणावडे घेऊन आल्या.

"काही नाही हो, घरात साबुदाणा भिजलेलाच होता."

साबुदाणा कुणाच्याही घरी आपोआप भिजत नाही. पण त्यांनी वडे आणल्यावर तिसऱ्या घराला रिकाम्या हाताने येणं शक्यच नव्हतं. मग आमचं ऐकून चोआ चू कांग भागातलं एक कुटुंब येऊ लागलं, ते मिसळ घेऊन. तर्रीचं भांडं वेगळं. इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकमध्ये, दगडी टेबलं होती, त्यांवर डबे मांडले जायचे. मुलं खो-खोचा एक डाव खेळायची, तोही डब्यांकडे तोंड करून. आम्ही मोठी माणसं कुणाला कायम राहायचं पीआर मिळालं, कुणाचं अडकलं, यावर बोलायचो आणि मधूनच "पळा रे!" म्हणून ओरडायचो.

तिथे रोज सकाळी एक चिनी आजी हातवारे करत सावकाश व्यायाम करायच्या. एकदा त्यांनी मला विचारलंच.

"एव्हरी संडे हूज बर्थडे?"

"नो बर्थडे, आंटी. एक्सरसाइज."

त्या बराच वेळ मिसळीकडे पाहत राहिल्या.

त्या दिवशी लिफ्टमध्ये मुलगी म्हणाली, "आई, दिस वन नॉट एक्सरसाइज. दिस वन पार्टी, लाह."

"अगं, सगळे आपल्यासाठी एवढे येतात..."

"देन टेल देम डोन्ट कम!" आणि ती एकदम रडायलाच लागली. रडताना मात्र मराठीत आली. "टेस्ट माझी आहे ना? त्यांची नाहीये."

आता लोकांना येऊ नका असं कसं सांगायचं? मी गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली, एक-दोन तेलं सुचवली, आणि पुढच्या रविवारपासून डबे समोरच्या ब्लॉकखाली मांडले. मंडळ आमच्याशिवाय उत्तम चाललं.

मग संध्याकाळी आम्ही दोघीच उतरायला लागलो. नवरा एकदा आला. नवे बूट घालून आला आणि बूट चावतात म्हणून परत गेला. मी ऑफिसातून येऊन कपडे बदलायचे तेच मुळी मनात शिव्या घालत. सुरुवातीला ती पुढे आणि मी मागून "शाब्बास!" करत असे. दोनेक आठवड्यांत शाब्बास म्हणण्याइतकाही दम माझ्यात उरेना. ती वळून परत यायची, मला गोळा करायची आणि पुन्हा पुढे जायची. म्हणजे तिचं पळणं माझ्यामुळे वाढलं असं म्हणता येईल. पुण्याला फोटो पाठवले तर सासूबाईंचा लगेच फोन. "पोर किती सुकली गं! खायला घालतेस ना?"

टेस्टच्या दिवशी ती घरी आली, दप्तर ठेवलं आणि बूट काढत बसली. मी तिचा डबा काढून सिंकमध्ये ठेवला. विचारायची हिंमत नव्हती.

"नाही झालं," ती म्हणाली. "थोडक्यात गेलं. बट मी चालले नाही, आई. पूर्ण पळाले."

मी तिला जवळ घेतलं. तोंडाने "किती छान!" म्हटलं, आणि डोक्यात एकच होतं, की देवा, अजून एक टर्म. ते माझ्या तोंडावर दिसलं असावं.

"यू नो नीड टु कम," ती म्हणाली. "यू व्हेरी स्लो, आई."

दुसऱ्या दिवशी रिसेसमध्ये ती गटाबरोबर पटांगणात गेली. मैत्रीण कँटीनमध्येच होती, त्या दुसऱ्या मुलीशेजारी. हे तिने संध्याकाळी सहज सांगितलं, लेस बांधता बांधता. मग ती एकटीच लिफ्टने खाली गेली.

मी पाय वर घेऊन सोफ्यावर बसले. हेच मला इतके दिवस हवं होतं. आमच्या बाराव्या मजल्यावर खाली पळणाऱ्याचा आवाज येत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी ती वर येईपर्यंत मी टीव्ही लावला नाही.