मोकळं सोडलेलं प्रथिन

आमच्या लॅबमधले काका म्हणजे एक नंबरचे खडूस. निवृत्तीला आले तरी पेशींची बशी दुसऱ्याच्या हाती देणार नाहीत, आणि नवीन कोणी आलं की आधी एकच धडा. "टी-पेशीच्या, म्हणजे शरीरासाठी लढणाऱ्या पेशीच्या, अंगावर ब्रेक असतो. तो लावणारं प्रथिन बारीक मण्यांवर घट्ट चिकटवायचं. पेशी मण्याला इतकी बिलगली पाहिजे, की ब्रेकची खूण पुसत बसणारे उंच रेणू मधून बाजूला ढकलले जातील. मगच खूण टिकते आणि ब्रेक लागतो. मोकळं सोडलंत तर नुसतं तरंगत बसतं." ऐकून ऐकून आमचे कान किटले होते.

घरी काकांचं कोणी नाही. एक धाकटी बहीण, दूरच्या शहरात, तीही एकटीच. पेशींनी मोकाट सुटून कॅन्सरवर तुटून पडावं म्हणून नेमका हाच ब्रेक अडवून धरणारं औषध तिला चालू होतं. जेवणाच्या सुट्टीत काका डबा उघडायच्या आधी तिला फोन लावायचे.

"कशी आहेस?"

"ठणठणीत, दादा. तू जेवलास का?"

एवढंच बोलणं. तोवर डबा गार झालेला असायचा.

एका मंगळवारी काकांनी प्रथिन मण्यांवर चिकटवलंच नाही, तसंच द्रावात ओतलं. ब्रेक लागलाच नाही, पेशी वाढतच सुटल्या, प्रयोग वाया गेला. मी तोंड सोडणार होते, पण त्यांचा चेहरा बघून विचारलं, "काय झालं?"

"काल ती बोलताना खोकली," ते म्हणाले. "विचारलं तर म्हणाली, ठसका लागला."

ब्रेक अडवला की याच पेशी कधी कधी फुफ्फुसावर उलटतात, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"मग इथे काय करताय?" मी खेकसले. "फोनवर काय कळणार आहे डोंबल? जा, डोळ्यांनी बघून या."

ते गेले. परतले ते बऱ्याच दिवसांनी.

"दारातच जवळ घेतलं तिला," ते म्हणाले. "छाती नुसती घरघरत होती गं. औषध बंद करतील म्हणून लपवत होती. फोनवर ठणठणीत, आणि मला बिलगून हमसून हमसून रडली. लगेच दवाखान्यात नेलं, पण उशीर झाला होता. गेली."

आता जेवणाच्या सुट्टीत काका डबा लगेच उघडतात. जेवण गरम असतं. पण झाकण हातात धरून तसेच बसून राहतात. मग मी माझं स्टूल त्यांच्या अगदी शेजारी ओढते आणि विचारते, "काका, जेवलात का?"